राजाला चारलेल्या मनुका

देवळी, शनिवार, दिवेलागण

राग अजून उतरत नाही. आमच्या कुत्र्याला, राजाला, ‘बस’ शिकवताना मी बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे देते. दिरांना ते श्रावणात खपत नाही. ठीक, मग गाजर द्या, काकडी द्या. पण मी सकाळी शाळेत गेल्यावर या माणसाने कुत्र्याला ‘बस, बस’ म्हणत मूठभर मनुका चारल्या. मनुका. द्राक्षं, मनुका कुत्र्याला विष आहे, हे मी किती वेळा सांगितलं होतं?

परत आले तर राजा अंगणात ओकत पडलेला. तसाच ऑटोत घालून वर्ध्याला नेला. डॉक्टरांनी सलाईन लावलं. किडनी वाचेल बहुतेक, म्हणाले, पण रक्त पुन्हा तपासावं लागेल.

आणि घरी आल्यावर भाऊजी काय म्हणतात? “वहिनी, मनुका तं आपन देवाले ठेवतो. त्याले काऊन बाधन?”

“देवाले किडनी नसते, भाऊजी,” मी म्हटलं.

तेवढ्यात राजा लडखडत त्यांच्यापुढे गेला, न सांगता बसला आणि त्यांच्या हाताकडे पाहत राहिला. भाऊजींनी हात पाठीमागे नेला.