हवालदाराचं काळं पीस

दि. ६ डिसेंबर

चि. टिकटिक्यास,
अ. उ. आ.

गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं. डॉक्टर म्हणतात उत्तम झालं. गुडघा त्यांचा नाही, तेव्हा त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. तुझी भाची मला काठीशिवाय स्वयंपाकघरापर्यंतसुद्धा जाऊ देत नाही. पहाटे सवयीने जाग येते आणि इथे कोणी आरवत नाही, म्हणून पुन्हा डोळा लागत नाही.

माझ्या सहा कोंबड्या आणि दोन कोंबडे, एक जुना आणि एक नवा, तुझ्या परसात सोडून आले आहे, तेव्हा नीट ऐक. खुराड्यातला भुसा रोज हात घालून बघ, ओला लागला तर लगेच बदल. या बँटमच्या, म्हणजे आपल्या बुटक्या जातीच्या, पायांवर पिसं असतात. चिखलात पाय गेले की ती चिकटतात, तुटतात आणि राजकन्येची भिकारीण होते. पाणी उथळ भांड्यात ठेव. मुख्याध्यापिका, ती थोरली कोंबडी, खुडूक होऊन बसेल, अंडी नसली तरी बसेल. तिला रोज उचलून उन्हात ठेव आणि ती चोच मारेल ती मुकाट्याने खा. कबुतराएवढी कोंबडी काय कामाची, असं कोणी विचारलं तर बघायच्या कामाची म्हणून सांग.

हवालदाराकडे मात्र विशेष लक्ष दे. जेमतेम सहा महिन्यांचा कोंबडा, डोक्यापासून पायापर्यंत दुधासारखा, आत्ताशी अंगाने भरतोय. शेपटीची पिसं अजून यायची आहेत, ती आली की काय रुबाब दिसेल! मला ते बघायला मिळणार नाही याचंच वाईट वाटतं.

जानेवारीच्या प्रदर्शनाचं मनावर घेऊ नकोस. पाच वर्षं कप आपल्याकडे होता, यंदा पोस्टमनकडे जाईल. रिटायर होईपर्यंत त्यांनी सगळ्या गावाला पत्रं वाटली, आता कोंबड्यांत जीव रमवतात. दरवर्षी त्यांचा दुसरा नंबर येतो आणि दरवर्षी माझं पहिलं अभिनंदन तेच करतात.

घरच्यांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ कोंबड्यांवर फिरवावा, मी येईपर्यंत.

तुझी ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बसली आहेस ना? बसूनच वाच. काल हवालदाराने पहिला नंबर मारला!

तू नको म्हणालीस तरी मी गुपचूप नाव दिलं होतं. आदल्या दिवशी तीन टब मांडले. पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात निळीचा थेंब, तू करतेस तसंच. दात घासायच्या ब्रशने नखं घासली. मग हिचं केस वाळवायचं मशीन लावलं, तर ऊब लागून हा गडी माझ्या मांडीवर चक्क पेंगायला लागला. तुऱ्याला तेलाचं बोट लावलं. हिने सुनावलं की लग्नाला निघताना मी स्वतः इतका कधी नटलो नव्हतो.

परीक्षकांनी त्याला हातात घेतलं, पंख उघडून पाहिले, दोनदा फिरवलं आणि निळी फीत बांधली. लाउडस्पीकरवर आधी तुझं नाव घेतलं, मग माझं, पक्षी तयार करणारे म्हणून. पोस्टमन दुसरे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि इतकं स्वच्छ पांढरं त्यांनी आजवर पाहिलं नाही म्हणाले. तुझी तब्येत विचारली. मी जरा घाईतच तिथून निघालो, दुकान बंद होतं ना.

सोबत फोटो. उजव्या बाजूने काढलाय, तिकडून तो जास्त रुबाबदार दिसतो.

लोभ असावा, आणि आता तर दुप्पट असावा, ही विनंती.

तुझा हुशार धाकटा

दि. १९ जानेवारी

चि. टिकटिक्यास,
अ. उ. आ., आणि वर एक जास्तीचा.

अरे गुलामा! मी पत्र वाचून उभी राहिले, काठीशिवाय. तुझी भाची धावत आली, तिला वाटलं मी पडले. फोटो माझ्या पलंगासमोर भिंतीवर लावला आहे. मला व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना तो रोज दाखवते. त्या बिचाऱ्या रोज नव्याने कौतुक करतात.

खरं सांगू, मला कपापेक्षा एका गोष्टीचा आनंद झाला. प्रदर्शनाआधी तो कागद भरून द्यावा लागतो ना, पक्ष्याचं एकही पीस काढलेलं नाही असा, त्यावर आजवर माझी सही असायची. यंदा तुझी. घरातलं काम घरात राहिलं.

आता एक काम. पोस्टमनचं मला पत्र आलं. हवालदार महिनाभर त्यांच्या कोंबड्यांत सोडता येईल का, असं त्यांनी फार संकोचाने विचारलं आहे. त्यांच्याकडे गेल्या दोन पिढ्यांत पांढऱ्यावर पिवळट झाक यायला लागली आहे, ती घालवायची आहे. मी लगेच हो लिहिलं. आमच्या घरच्या पक्ष्यात काळं पीस आजवर निघालेलं नाही, याची मी हमी देते, असंही लिहून टाकलं. तेव्हा त्याला पोचता कर. अंगाला भरला असेल ना आता? वजन कळव.

तुझी अभिमानी ताई

दि. २७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हवालदाराला जरा सर्दी आहे. नाकातून पाणी येतं. अशा वेळी दुसऱ्याच्या कोंबड्यांत सोडणं बरं नाही, म्हणून थांबलोय. पोस्टमनना तू तसं कळवलंस तर बरं. मुख्याध्यापिका खुडूक झाली आहे आणि मला चावली.

बाकी ठीक. जास्त लिहायला वेळ नाही, दुकानात भिंतीवरची घड्याळं येऊन पडली आहेत.

लोभ असावा.

तुझा धाकटा

दि. २० फेब्रुवारी

चि. टिकटिक्यास,
अ. उ. आ.

हवालदाराची सर्दी वाचून मी लसणाच्या पाण्याचा उपाय लिहायला बसले, तेवढ्यात पोस्टमनचंच पत्र आलं. ते तीन तारखेला तुझ्या घरी गेले होते. तू दुकानात होतास. तुझ्या बायकोने हवालदार टोपलीत घालून त्यांच्या हाती दिला. तो ठणठणीत आहे, सर्दीची खूणसुद्धा नाही, असं ते लिहितात. बरा झाल्याचं तू मला कळवलं नाहीस, पण तुझी पत्रं हल्ली तारेसारखी येतात, त्यामुळे नवल वाटलं नाही.

त्यांच्या खुडूक कोंबडीखाली नऊ अंडी ठेवली आहेत. उबायला तीन आठवडे. ते गृहस्थ इतके हरखले आहेत की त्यांनी मला त्या नऊ अंड्यांवर दीड पान लिहिलं. या वयात माणसाला इतका आनंद देता आला, माझा तर गुडघाच दुखायचा थांबला.

हवालदाराची शेपटी आता पूर्ण आली असेल. डाव्या बाजूने एक फोटो पाठव.

लोभ आहेच, पत्रं मात्र लांब असू देत.

तुझी ताई

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी स्वतःला जरा बरा दाखवला होता.

हवालदाराला सर्दी कधीच झाली नव्हती. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्याला वाळवताना शेपटीच्या डाव्या बाजूला, मोठ्या बाकदार पिसाखाली, एक काळं पीस दिसलं. तू गेलीस तेव्हा ते नव्हतं, नव्या पिसांबरोबर आलं. निळीचा डाग असेल म्हणून मी पुन्हा साबण लावला. निघेना. मग दुकानातला तो बारीक चिमटा आणला, ज्याने मी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग उचलतो, आणि पीस मुळापासून ओढलं. तो एकदाच ओरडला. लगेच माझ्याच तळहातावरचे दाणे टिपायला लागला. ते टिपणं अजून हाताला जाणवतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद समोर आला. मी तो पूर्ण वाचला. न वाचता सही केली, असं म्हणायचीही सोय नाही.

तुला दुखण्यात आनंद व्हावा म्हणून केलं, असं मी पहिल्या फाडलेल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं आहे. लाउडस्पीकरवर माझं नाव आलं तेव्हा तुझा गुडघा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. ताई, पन्नाशी उलटली. मी लोकांची घड्याळं दुरुस्त करतो. घड्याळ चालू झालं की लोक वेळ बघतात आणि निघून जातात. त्या दिवशी सगळे थांबून माझ्याकडे बघत होते, आणि मला ते फार आवडलं. आता आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तू हमी दिल्याचं वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सर्दी लिहिली. तीन तारखेला घरी आलो तर खुराड्यात हवालदार नव्हता. तरी त्यांच्याकडे गेलो नाही. चार आठवडे मी दुकानात वळसा घालून जातोय, त्यांची गल्ली टाळून.

परवा रविवारी गेलो. त्यांच्या परसातल्या खुराड्याला पोस्टातल्या पत्रं लावायच्या फळीसारखे खण आहेत, प्रत्येक कोंबडीचा नंबर वेगळा. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी हवालदाराला काखेत घेतलं आणि दोन बोटांनी शेपूट बाजूला केली. ते पीस पुन्हा आलंय. तेवढंच काळं. त्यांना ते आठ दिवसांपूर्वीच दिसलं होतं. त्यांना वाटलं, आत्ताच नव्याने निघालं असेल, यात कोणाचा दोष. तुला दुखण्यात कशाला कळवायचं म्हणून ते गप्प होते. माझ्यावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं, आणि ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. कोंबडी बसली आहे, तिला उठवायचं नाही, पिल्लांचा काय गुन्हा, असं म्हणाले. पण ती पिल्लं आता पांढऱ्या कळपात ठेवता येणार नाहीत, म्हणजे त्यांचं हे वर्ष फुकट गेलं. मग ताईला कळवलंत का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. आधी तिला लिहा, कपाचं मागाहून बघू, असं म्हणून त्यांनी हवालदार माझ्याकडे दिला. देण्याआधी त्याचे पाय पुसले.

सोबत ते उपटलेलं पीस आहे. सुट्या भागांच्या डबीत ठेवलं होतं, टाकवलं नाही. शेवटी नेहमीचं लिहायला हात धजत नाही.

तुझा भाऊ

दि. १० मार्च

चि. भावास,

वर आशीर्वाद नाही तो विसरल्यामुळे नव्हे. मला फार राग आला आहे आणि रागात दिलेला आशीर्वाद घेण्यात अर्थ नाही.

फोटो भिंतीवरून काढला. तुझ्या भाचीला सांगितलं. व्यायामाच्या बाईंनाही सांगितलं, कारण त्यांना मी तो महिना-दीड महिना रोज दाखवला होता. त्यांच्याकडे बघून बोलवेना, मी गुडघ्याकडे बघून बोलले. पोस्टमनना लिहिलं की माझी हमी खोटी ठरली. माझ्या जुन्या जोडीची या हंगामातली सगळी अंडी त्यांची. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, तुझ्यावर नव्हे. तू चिमट्याने माझा शब्द उपटलास, हे तुला कळलं असेल तर बरं.

मग मी माझी मागची पत्रं आठवून पाहिली. भुसा विचारला, शेपटी विचारली, वजन विचारलं. तुझं दुकान कसं चाललंय हे एकदाही विचारलं नाही. त्याची मला लाज वाटली. तुझी चूक त्याने तसूभर लहान होत नाही, पण माझी लाज माझ्यापाशी का ठेवू?

कप तू स्वतः प्रदर्शनाच्या चिटणिसांकडे नेऊन दे, कारण सांगून. एप्रिलमध्ये छोटं प्रदर्शन असतं. हवालदाराला तिथे ने. पीस राहू दे. नाव तुझं एकट्याचं लाव. पिंजऱ्यावर बाद ठरल्याची लाल चिठ्ठी लागेल. लागली की पळून जायचं नाही. संध्याकाळपर्यंत पिंजऱ्याशेजारी उभा राहा आणि जो विचारेल त्याला सगळं सांग. वर्गात मी चुकलेल्या मुलाला उभं करायची, घरी पाठवायची नाही.

आणि शेवटचं. पत्राच्या तळाशी लोभाचं गाळायला तुला कोणी सांगितलं? कप जिंकून आणला होतास, तो परत कर. लोभ तू जिंकून आणला नव्हतास.

दुकान कसं चाललंय?

ताई

दि. २० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाऊन आलो. टब तीनच, साबण तोच, चिमटा दुकानात कुलुपात. कागद समोर आला, पुन्हा पूर्ण वाचला, सही केली. शेपूट फुलवून हवालदार असा उभा राहिला की परीक्षक लांबूनच हसत आले. मग त्यांनी पिसं बाजूला केली आणि लाल चिठ्ठी बांधली. मिनिटसुद्धा लागलं नाही.

मी उभा राहिलो. सकाळी दहापासून. इतका देखणा पक्षी बाद का, असं एका बाईंनी विचारलं, त्यांना पीस दाखवलं. मग जानेवारीचंही सांगितलं. त्यांनी आपल्या मुलीला जरा जवळ ओढलं आणि पुढे गेल्या. काही जण हसले. घड्याळाची दोन नेहमीची गिऱ्हाइकं भेटली, त्यांनाही सांगितलं. एकाने मान हलवली, दुसरा वेळ बघून निघून गेला. कप मी मागच्या महिन्यातच चिटणिसांना दिला होता, तरी ते दिवसभर माझ्या रांगेकडे फिरकले नाहीत. दुपारनंतर सांगताना आवाज कापायचा थांबला. लाज तेवढीच होती, पण ती घेऊन उभं राहता येत होतं.

पहिला नंबर पोस्टमनचा आला. जानेवारीचा कपही आता त्यांच्याच घरी आहे. संध्याकाळी ते एक स्टूल घेऊन आले आणि बसा म्हणाले. मी म्हटलं, ताईने बसायचं नाही असं सांगितलंय. तर त्यांनी स्टूल पिंजऱ्याशेजारी ठेवलं आणि स्वतःच त्यावर बसले. हॉल रिकामा होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. नऊ अंड्यांतून सात पिल्लं निघाली, दोघांच्या पंखांवर काळं आहे, ती दोन्ही ते स्वतःकडेच ठेवणार आहेत.

दुकान बरं चाललंय. चष्म्याचा नंबर वाढला, म्हणून बारीक कामाला हल्ली वेळ लागतो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात तू येशील तेव्हा मुख्याध्यापिका खुडूकच असेल. हवालदाराच्या शेपटीत ते पीस असेल, तू स्वतः बघ.

लोभ आहे तसा असू द्यावा, ही विनंती. लिहिताना हात अडखळला, पण गाळलं नाही.

तुझा धाकटा