उजेडाचा सातवा पत्रा

प्रिय बाबल,

रडगाणं गायला लिहीत नाही. तेवढा वेळ नाही मला, आणि तुला तरी ते कुठे आवडायचं? एकच विचारायचं आहे. पेडण्याच्या काजूच्या शेडीवर फायबरचे ते उजेडाचे पत्रे तू कुठे कुठे बसवलेस?

सहा कळले. सातवा कळत नाही. आणि सोमवारी दिगू वर चढतोय. तुझा मुलगा, तुझ्यासारखाच हट्टी. म्हणून चौथी शिकलेल्या बहिणीने कागद घेतला. चुका काढू नकोस.

काय झालं ते सांगते. बुधवारी जेवून बायका परत मेजाला लागल्या होत्या, काजूगर निवडत होत्या. मला आता बारीक दिसत नाही, पण पोती शिवायला जाते अजून. वर माकडं नाचत होती, ती रोजचीच. एकदम फाडकन आवाज झाला आणि छताखाली ती चंदेरी फॉइल मारली आहे ना, तिला पोट आलं. आणि ते पोट हलायला लागलं! उजेडाचा पत्रा फोडून माकड आत आलं होतं आणि फॉइलमध्ये अडकलं होतं. किंचाळतंय, लाथा मारतंय, नखं चंदेरी कागदातून बाहेर येतायत. बायका टोपल्या टाकून पळाल्या. शेवटी फॉइल फाटली, ते वाळवणाच्या बाजूला धप्पकन पडलं आणि लंगडत उघड्या जनेलातून बाहेर गेलं.

मागाहून सगळ्या हसल्या. शेटसुद्धा हसला. मला काही हसू आलं नाही. माकडाचं वजन ते केवढं, बाबल? आणि दिगू केवढा, माहीत आहे ना?

शेटाने त्यालाच फोन केला. पाऊस तोंडावर आलाय, भोक बुजव म्हणाला. मी संध्याकाळी घरी जाऊन धरला त्याला.

"आते, पडला तां माकड. मी माकड नाय."

"माकड तुझ्यापेक्षा हलका, आनी तुझ्यापेक्षा शाणा."

"बाबा इतकी वर्सा थंय चलले ना?"

"तुझ्या बाबाक ठावक होता पाय खय ठेवचो तां. तुका ठावक आसा?"

मग म्हणतो, "बोल्टाच्या रेघेन चलतलंय."

तूच शिकवलंस ते, की बोल्टाखाली लोखंडी पट्टी असते, तिथेच पाय द्यायचा. खरं आहे. पण आता वर सगळं पांढरं आहे रे! पत्रे पांढरे, बोल्ट पांढरे. उन्हात डोळे दिपतात. रेघ चुकायला काय लागतं? आणि चुकला तर पत्र्यावर चुकला की उजेडाच्या पत्र्यावर, हे त्याला कधी कळणार? खाली आल्यावर?

आता तुला बोलते, ऐकून घे. तो पांढरा रंग तू मारलास.

शेट म्हणाला होता, आत भट्टी झालीय, ऊन परतवणारा रंग मार आणि खालून फॉइल लाव. ते बरोबर होतं. काजू निवडणारी सावित्री चक्कर येऊन पडली होती त्या उन्हाळ्यात, मीच तिच्या डोक्यावर बाल्दी ओतली. पण उजेडाचे पत्रे सोडून मारतो असं तू शेटाला सांगितलंस. तो म्हणाला, तिथूनच तर ऊन येतं. आणि तू मारलास रंग त्यांच्यावरही! फायबरचे ते पत्रे, उन्हाने पापडासारखे झालेले, आणि त्यांना लोखंडासारखं रंगवून ठेवलंस. मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? "आका, माझ्याशिवाय कोण चढणार तिथे? माझ्या डोक्यात आहेत सगळे."

डोक्यात! ते डोकं घेऊन गेलास ना?

जन्मभर छपरांवर चढलास. डिचोलीच्या खाणीवरच्या वर्कशॉपपासून सुरुवात केलीस, घरी यायचास तो लाल धुळीने माखलेला, भुवयासुद्धा लाल. आई म्हणायची, हा एक दिवस वरून येणार. आणि पडलास कुठे? बाजारात, सपाट जमिनीवर, चवथीच्या आदल्या दिवशी, गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं हातात धरून! नारिंगं गटारापर्यंत गेली. मी ती गोळा करत बसले, काय करायचं ते सुचलं नाही म्हणून.

असो.

तुझी एक सवय मला फार आठवते या दिवसांत. कुठल्याही शेडीचं काम घेतलंस की आधी वर चढायचा नाहीस. भर दुपारी आत जायचास आणि जमिनीवर उताणा पडायचास. गंजाची भोकं चांदण्यांसारखी दिसायची, उजेडाचे पत्रे खिडक्यांसारखे. तासभर नुसता बघत राहायचास. एकदा शेटाच्या बापाला वाटलं तू मेलास, धावत आला होता म्हातारा. आता दिगू उताणा पडला तर त्याला काय दिसेल? फॉइल. त्यात स्वतःचंच तोंड, वाकडं. वरून पांढरं, खालून चंदेरी. दोन्हीकडून डोळे बांधलेत त्या छपराचे. थंडगार झालीय शेड, हे मात्र खरं. बायका तुला दुवा देतात.

फळ्या टाकून चालायचास तू. त्या फळ्या तू गेल्यावर दिगूच्या आईने, शालनने, न्हाणीच्या चुलीत घातल्या. तिला बोलू नको, तिला त्या डोळ्यांसमोर नको होत्या. दिगूकडे कमरेचा दोर आहे, नवा, टेम्पोत पडून असतो. मी म्हटलं, बांध. म्हणाला, बांधू कशाला? वर अडकवायला काही ठेवलंय का? त्याचंही बरोबर आहे.

मग मी काय केलं ते ऐक. शुक्रवारी काम सुटल्यावर बायकांना थांबवलं. म्हटलं, फॉइल लागायच्या आधी भर दुपारी कुणाच्या सुपात उजेड पडायचा, ते सांगा.

झालं! जत्रा भरली.

"माझ्या सुपात पडायचा," सावित्री म्हणाली.

"तुज्या? तू माजी जागा बळकावलेलं म्हणून!" पार्वती उठलीच.

"तू गावाक गेल्लं तेव्हा बसलंय गो, बळकावूक नाय."

"बघ कशी बोलता! तीन दिवस गेल्लंय, परत येतंय तर ही राणी उजेडात बसलेली!"

किती वर्षांचं भांडण ते, माझ्यामुळे परत निघालं. पण कामाला आलं. उजेडाच्या जागेसाठी बायका भांडायच्या, म्हणून लक्षात होत्या. एकेक जागा उठून दाखवली त्यांनी. माझी जागा मी दाखवली, जनेलाजवळची. खडूने मी खाली फुल्या मारल्या. पाच झाल्या. माकडाने फोडलेला सहावा, तो वाळवणाच्या बाजूचा, तिथे कुणी बसत नव्हतं म्हणून कुणाला आठवला नव्हता.

आणि पत्रे सात होते. हे मला कुणी सांगायला नको. म्हापशाहून टेम्पोतून आणताना तू मला मागे बसवलंस, वाऱ्याने उडू नयेत म्हणून धरायला. हात सोलून निघाले माझे. सात होते, बाबल.

सातवा कुठे?

मी शेडीत फिरले. बायकांची मेजं सोडली तर उरतो कुठला भाग? पोत्यांचा. तराजू असायचा तिकडे. तिथे तेव्हा कुणी बसलं नाही, कुणी भांडलं नाही, कुणाला आठवत नाही. तराजूवर उजेड पाहिजे म्हणून तू एक पत्रा तिथे टाकला असशील, हो ना? नक्की कुठे? कडेला की मध्ये?

कारण शिडी त्याच बाजूला लागते. बाकी तिन्हीकडे झाडं आणि तारा आहेत. शिडीवरून पहिला पाय तो तिथेच टाकणार. आणि खाली त्या जुन्या तराजूचं लोखंड अजून तसंच उभं आहे, टोकदार आकडा वर करून.

हे कळल्यापासून मला त्या बाजूला पोती शिवायला बसवत नाही. वर बघत राहते. आज फॉइल तिथे जराशी हलत होती. वारा असेल. वाराच असेल.

शेटाला सांगितलं, फॉइल काढ. म्हणाला, "मावशी, एका भोकासाठी सगळं छत फाडू? दिगू माहीतगार आहे." दिगू म्हणाला, "आते, तू उगाच भियां घालतंय." शालनने माझ्याकडे बघितलं. तिला आणखी एक माणूस घालवायचा नाही, हे तिला ओरडून सांगावं लागत नाही.

तू काही उत्तर पाठवणार नाहीस, ते मला माहीत आहे. तेव्हा मी ठरवलंय ते सांगते, आणि हा शब्द समज. उद्या रविवार, शेड बंद. राखणदाराची बायको माझी मैत्रीण, किल्ली देईल. आंबे काढायची लांब काठी आहे ना आपली, कोयती बांधलेली? ती घेऊन जाते. पोत्यांच्या बाजूने सुरू करून या टोकापासून त्या टोकापर्यंत फॉइल चिरते. नुसत्या फुल्यांवर नाही, सगळीच. मग तू पडायचास तशी उताणी पडते आणि बघते, रंगातूनही फायबर जरासं उजळेलच. शेट ओरडेल. ओरडू दे, मला कामावरून काढू दे.

सातवा दिसला तर त्याच्याखालीही फुली मारीन. नाही दिसला तर सोमवारी शिडीच्या पहिल्या पायरीवर शिवणाचं पोतं घेऊन बसेन. तुझ्या मुलाला वर जायचं असेल तर आधी म्हाताऱ्या आतेला उचलून बाजूला ठेवावं लागेल.

तुझी,
आका