चरावरचा पाइप

५ जून

चि. धाकट्यास,
ताईचे मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. यांनी ते भिंग लावून वाचलं. म्हणाले, वकिलाच्या कचेरीत टायपिंग करून करून मेहुण्याचा हात लिहायचं विसरलाय.

इकडची बातमी म्हणजे रस्ता रुंद झाला. त्यासाठी कडेचा चर यंत्राने खोल केला आणि फाटकासमोर चरात आपला सिमेंटचा पाइप होता, ज्यावरून गाडी आत यायची, तो फोडून टाकला. तुकडे मात्र उचलून नेले, तेवढी सभ्यता. मुकादमाला विचारलं, नवा कधी बसवणार. तो म्हणाला, चर बांधकाम खात्याचा, पाइप तुमचा. फोडला कोणी, असं विचारल्यावर म्हणाला, ते साहेबांशी बोला.

सध्या दोन फळ्या टाकल्यात. माझं निभतं. पण यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं असतं आणि पायांत त्राण उरलेलं नाही. मी आणि रिक्षावाला खुर्चीत बसवून नेतो. हे म्हणतात, जन्मभर लोकांची शिलाई मशीनं दुरुस्तीला वाहून आणली, आता मला वाहताहेत. पाइपापुरते पैसे मी बाजूला काढलेत. घर तुझ्याही नावावर आहे, म्हणून विचारते. बसवून टाकू ना?

मुलांना पापे. तुझी आठवण काढत असते.
ताई

१३ जून

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

बसवू नकोस. आमच्या वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, एकदा तुम्ही खर्च केलात की पाइप कायमचा तुमच्या गळ्यात. उद्या पुन्हा चर खणतील, पुन्हा फोडतील, पुन्हा तुम्हीच भरा. फोडला त्यांनी, तर बसवायचाही त्यांनीच. अर्ज टाइप करून पाठवतोय. खाली सही कर आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

भाऊजींना सांग, मेहुण्याचा हात लिहायचं विसरला असेल, भांडायचं विसरलेला नाही. थोडे दिवस कळ काढा. आपली बाजू पक्की आहे.

आशीर्वादाचा हात आहे तसाच असू दे.
तुझा धाकटा

३ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

अर्ज दिला. साहेब माणूस गोड. बसायला खुर्ची दिली, पंखा लावला आणि म्हणाले, तुमचा जुना पाइप विनापरवानगी टाकलेला होता. त्याची कुठेच नोंद नाही. म्हणजे जो पाइप नव्हताच तो आम्ही फोडला असं कसं म्हणता येईल? मी परत आले. आणखी काय करणार?

वरच्या अंगाला नर्सरीवाले आहेत ना, ते आले होते. म्हणाले, निम्मा मी घालतो, निम्मा तुम्ही, मोकळे होऊ. पाणी वाहतं राहिलं तर त्यांच्याही वाफ्यांना बरं. मी सांगितलं, भाऊ नको म्हणतोय. ते उठले. चहा तसाच ठेवून गेले.

चार दिवसांपूर्वी फळी सरकली. खुर्ची कलली आणि हे गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. लागलं नाही, पण दवाखान्यात पोचेपर्यंत पायांवरचा चिखल पुसत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, आता मी जाणार नाही. पोत्यासारखं उचलून नेतात, त्यापेक्षा नको. मी रागावले, हातापाया पडले. कालची पाळी चुकलीच. तू एकदा समजावून लिही. माझं ऐकत नाहीत.

ताई

११ जुलै

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

भाऊजींसाठी सोबत वेगळी चिठ्ठी ठेवलीय, ती त्यांना दे. ताई, त्याच अर्जाची प्रत मी वरच्या कचेरीत दिली होती, तिथे सुनावणीची तारीख लागली. आता मागे हटलो तर हातातोंडाशी आलेलं जाईल. तोवर रिक्षावाल्याच्या जोडीला आणखी एक माणूस ठेव, त्याचं मी बघतो. हा प्रश्न एका पाइपाचा नाही गं. आपल्यासारख्यांना सगळे असंच गुंडाळतात.

काळजी घे. रागावू नकोस.
धाकटा

२० ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू येऊन गेलास, पण घरात माणसं होती आणि तू कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतास. म्हणून तेव्हा बोलले नाही.

तुझी चिठ्ठी यांनी वाचली आणि उशाखाली ठेवली. पण डायलिसिसला गेले नाहीत. त्या दिवशी सकाळी श्वास लागला. रुग्णवाहिका आली ती रस्त्यावरच थांबली. पाऊस होता. ड्रायव्हर म्हणाला, ओल्या फळ्यांवरून स्ट्रेचर नेणार नाही, दोघांचा जीव जाईल. तेवढ्यात रस्त्याच्या कामाची ट्रॉली खडी-मुरूम घेऊन चालली होती. मी आडवी उभी राहिले. ट्रॉलीवाल्याने घराकडे पाहिलं आणि सगळा माल चरात ओतला. गाडी दारापर्यंत आली. वाटेत यांनी विचारलं, शेवटी खर्च कोणी केला? मी म्हटलं, खात्याने. हे हसले. त्यानंतर नीटसं काही बोलले नाहीत.

मी दवाखान्यात बसून होते. खाली पाइप नाही, पाणी कुठे जाणार, हा विचार मनाला शिवलाही नाही. ते वर चढलं आणि नर्सरीवाल्यांचे सगळे वाफे बुडाले. त्यांच्या तक्रारीवरून खात्याची माणसं आली आणि भराव उपसून गेली. त्या कामाला अर्ज लागला नाही. त्यामुळे यांना शेवटचं घरी आणलं तेव्हा गाडी पुन्हा रस्त्यावरच थांबली. तू अजून पोचला नव्हतास. नर्सरीवाले आले. मला वाटलं, भांडायला आले. ते चपला काढून पाण्यात उतरले, डोक्याकडची बाजू धरली आणि यांना न हिंदकळवता घरात आणून ठेवलं.

तू गेल्यावर ते पुन्हा आले. म्हणाले, वर्षाची रोपं कुजली. खातं म्हणतं, भराव आमचा नव्हता. मग मी कोणाकडे मागू? मी म्हटलं, माझ्याकडे. ते मान खाली घालून बरं म्हणाले. हप्त्याहप्त्याने देईन.

सुनावणी पुढे ढकलल्याचं पत्र आलंय. अर्ज मागे घे. रागाने लिहीत नाही. मीही तुझं ऐकलं, हो म्हटलं, सही माझी होती. पण आता लढायला अंगात बळ नाही.

पाइप मी बसवून घेतला. चांगला रुंद, नर्सरीचं पाणी अडू नये म्हणून. गाडी आता थेट दारात येते. दारात मात्र कोणी येत नाही. दिवसभर पाणी वाहिल्याचा आवाज ऐकत बसते. सुट्टी मिळाली तर ये. काही बोलायला हवं असं नाही.

ताई