परत पाठवलेली रिक्षा

मी, भास्कर गोविंद जोगळेकर, वय ६२, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार मांडवी, रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. येत्या बुधवारी कोल्हापुरास माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात, तरी कागद केलेला बरा.

१. राहते घर व पोस्टातील ठेवी पत्नी सौ. हेमा हिच्या. आमच्यामागे कोणी नाही. एकुलती एक मुलगी नीरजा जुलै २००१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, लेप्टोच्या तापाने गेली.

२. लांज्याची आंब्याच्या कलमांची बाग आमचा राखणदार काशीराम याची. नीरजा गेल्यावर मी तिकडे फिरकलो नाही. त्याने राखली.

३. हेमाच्या औषधपाण्याची जबाबदारी तिचा भाऊ सलिल याने घ्यावी. पोर गेल्यापासून तिने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. मागच्या वर्षी पायाचे बोट काढावे लागले. "बरी होऊन करू काय?" म्हणते. मला तर तिसऱ्याच महिन्यात झटका आला. डॉक्टरांनी विचारले, "घरात एकमेकांशी बोलता का?" हेमाने पिशवी उचलली, मी चपला शोधू लागलो.

तेराव्याला सलिल, माझा स्वभाव ओळखून, चारचौघांत म्हणाला होता, "भावोजी, तुमच्या हट्टापायी पोर गेली." मी त्याला खोटा ठरवला आणि पुन्हा घराची पायरी चढू दिली नाही.

४. खरे ते असे. त्या शनिवारी हेमाने दारात रिक्षा आणली होती. "पावसात ताप यायचाच, सोमवारी बघू," म्हणत मी ती परत पाठवली. सोमवारी नीरजाचे डोळे पिवळे झाले. मंगळवारी ती गेली. माझी अब्रू राखायला हेमाने हे सख्ख्या भावालाही सांगितले नाही. तेच तिला आतून खाते आहे. माझ्यामागे हे कलम सलिलला वाचून दाखवावे.

सहीपूर्वीची नोंद : मसुदा हेमाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमच्यामागे कशाला? आत्ताच बोलवा त्याला."

आज सलिल आला. पडवीत उभ्यानेच त्याने चौथे कलम वाचले, दोनदा. मग म्हणाला, "भावोजी, माफ केलंय असं समजू नका." आणि हेमाकडे वळला, "ताई, गोळ्या कुठं ठेवतेस तू?"

हेमाने फडताळाकडे हात केला.

ठिकाण : मांडवी, रत्नागिरी
दिनांक : ९ नोव्हेंबर २००३

सही : भा. गो. जोगळेकर

आमच्यासमक्ष सही केली :
१. डॉ. मुकुल शेवडे (लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत.)
२. सलिल दामोदर लेले (वाचले.)