माझा पहाटेचा श्रोतृवर्ग

१ जून, सोमवार. सकाळी ८
आज एकतीस वर्षं पूर्ण. पहाटे पाच ते सात, एएम रेडिओवर, 'नोंग वेन्सीचा दणका'. नोंग म्हणजे दादा, तो मीच. आधी बातम्या, मग महापौरांना झाडणं, मग वीज कंपनीला झाडणं, दर पाच मिनिटांनी वेळ सांगणं. अख्खं निग्रोस बेट माझ्या आवाजाने उठतं. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. कोण लोक, ते नावानिशी लिहून ठेवायला हवं होतं.

नवी मॅनेजर आली आहे. जेमरी. वय एकोणतीस, केस जांभळे. आतापर्यंत एफएमवर दोन गाण्यांच्या मध्ये खिदळायची, त्याचा पगार घ्यायची. म्हणाली, एएम चालू ठेवायचं की बंद करायचं ते कंपनी तीस तारखेला ठरवणार आहे, तर तुम्हाला ऐकतं तरी कोण? मला विचारते! मी म्हटलं, बाजारात जाऊन विचार. तर म्हणे, विचारून आले.

संकल्प: महिना संपायच्या आत हिच्यासमोर श्रोते उभे करायचे.

२ जून
ऑफिसने सगळ्यांना फोनवरच्या ग्रुपमध्ये कोंबलंय. दिवसभर टुंग टुंग. केक, फुलं, नाचणारी मांजरं. यंत्रं सांभाळणारा पुलो, त्याच्याकडून ग्रुप म्यूट करून घेतला. एकतीस वर्षं माईकवर बोललेला माणूस अंगठ्याने बोलणार नाही.

५ जून
रेडिओवरून आवाहन केलं: जो जो मला ऐकतो त्याने रविवारी फाटकाला लाल फडकं बांधावं. साधी, सुटसुटीत योजना. फोनवाल्यांना हे सुचणं शक्य नाही.

लेटीला विचारलं, कसं झालं? म्हणाली, छान झालं. तिला कळतं. बायको असूनही कळतं.

७ जून, रविवार
लेटीला घेऊन ट्रायसिकल रिक्षाने दोन तास हिंडलो. लाल फडकी: सात. लेटीचं म्हणणं, त्यातल्या चार चड्ड्या होत्या, वाळत घातलेल्या. फडक्याला चड्डीचा आकार असू नये असं मी रेडिओवर कुठे म्हटलं होतं? एक दुकानाची छत्री होती, ती सोडून दिली. एका म्हाताऱ्याच्या भिंतीवर खरंखुरं फडकं होतं. उतरून त्याचा हात हातात घेतला. तो म्हणाला, ट्रक मागे घेताना भिंत ठोकतात म्हणून बांधलंय. लोक लाजाळू आहेत. भावना बोलून दाखवत नाहीत.

जेमरीला आकडा सांगितला: सहा. एका वस्तीत सहा, तर बेटावर किती, हिशेब तूच कर म्हटलं. तिने जांभई दिली.

१० जून
आज स्टुडिओत एकही फोन नाही. एरवी निदान एक दारुडा फोन करून शिव्या द्यायचा. तोही गप्प. इतक्या वर्षांनी त्याला माझं म्हणणं पटलं असणार.

जेमरी समोरून आली आणि खाली मान घालून गेली. बिचकली.

१३ जून, शनिवार
श्रोत्यांची परीक्षा घेतली. मुद्दाम प्रत्येक वेळी एक तास पुढची वेळ सांगितली. पाचला सहा, सहाला सात. दोन तास. एकाचीही तक्रार नाही! स्वतःच्या घड्याळापेक्षा लोकांचा माझ्यावर विश्वास. त्या खिदळणाऱ्या पोरींनी हे करून दाखवावं.

थोडी काळजी वाटते. अख्खं निग्रोस तासभर पुढे गेलं असेल.

१४ जून
चर्चची घंटा रोजच्याच वेळी वाजली. पाद्री रेडिओ ऐकत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

१८ जून
पुलो रोज न मागता कॉफी आणून देतो, साखर जास्त. आज खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना कळून चुकलंय की मी जिंकतोय. आजचं भाषण मोबाइल फोनच्या विरोधात होतं. मान खाली घालून चालणारा समाज, ज्याला समोरचा खड्डा दिसत नाही, इत्यादी. एकतीस वर्षांतलं सर्वोत्तम. लेटी म्हणाली, छान झालं.

२० जून. सकाळी ९
पुलोने सांगितलं. आधी पाणी दिलं, मग सांगितलं.

नऊ तारखेला उसाच्या मळ्यातल्या टॉवरची तांब्याची केबल चोरीला गेली. तेव्हापासून आपलं प्रक्षेपणच बंद आहे. कंपनी केबल बदलणार नाही. तीस तारखेपर्यंत थांबायचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी ग्रुपवर नोटीस आली होती. सगळ्यांनी रडकी तोंडं टाकली. मी सोडून.

म्हणजे अकरा दिवस मी भिंतीशी भांडत होतो. ते फोनविरोधी भाषणही भिंतीलाच.

जेमरीला जाब विचारला. महिनाअखेरपर्यंत पगार चालू आहे, म्हणाली, आणि सांगायचं काम पुलोचं होतं. पुलो म्हणाला, "तुम्ही इतके रंगात यायचात, नोंग. जीभ रेटली नाही."

दुपारी १
घरी आलो. लेटीला धारेवर धरलं. अकरा दिवस रेडिओ मुका, आणि ही रोज म्हणते छान झालं! तिने भात वाढला. म्हणाली, आपल्या रेडिओत तर नाताळपासून बॅटरी नाही. "तू घरी येऊन नाश्त्याला सगळं परत बोलतोस, वेन्स. दोनदा कशाला ऐकू?"

बायको हा श्रोता नव्हे. हिला मोजणारच नव्हतो.

२२ जून
सामान आणायला गेलो होतो. जेमरी म्हणाली, एक तक्रार आली होती. बारा तारखेला. मुर्सिया गावाच्या बाजूला झुंजीचे कोंबडे पाळतात, तिथल्या माणसाचा फोन: नोंग वेन्सीचा आवाज का येत नाही?

एक! फडकं नाही, चड्डी नाही, जिवंत माणूस! डोळे भरून आले. संडासात जाऊन आलो. इथे लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही. एवढ्या बेटावर एकाला माझ्यावाचून करमलं नाही, बस, मला दुसरं काही नको.

उद्या जातो. त्याचे आभार मानायचे. तेरा दिवसांच्या ठळक बातम्या लिहून नेतो.

२३ जून. मुर्सियाहून परत
इस्त्रीचा शर्ट घातला होता. माणसाचं नाव अर्नुल्फो. अदबीने वागला, खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, रोज ऐकायचात? तो म्हणाला, छे, मी पहाटे झोपलेला असतो. रेडिओ कोंबड्यांसाठी. त्यांना माणसाच्या आरडाओरड्याची सवय लागते, मग झुंजीच्या दिवशी गर्दीला बिचकत नाहीत. दोन तास न थांबता ओरडणारा तुमच्यासारखा दुसरा नव्हता, नोंग.

आवाज बंद झाल्यावर कोंबडे बिथरले. दाणे टिपेनात. म्हणून त्याने फोन केला. मी विचारलं, अजून बिथरलेले आहेत? विचारताना आशा वाटत होती, खोटं कशाला लिहू.

नाही म्हणाला. पिंजऱ्यांच्या मध्ये खांबाला मोबाइल बांधला होता. त्यावर एक पोरगी लिपस्टिक विकत होती, लाइव्ह, खिदळत. दोन दिवसांत रुळले, म्हणाला.

मी उठलो. छातीभर श्वास घेतला आणि सुरू केलं: "निग्रोसकरांनो, उठा! पाच वाजले!" साठ कोंबड्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा मोबाइलकडे वळले.

अर्नुल्फो जवळ आला. "नोंग, जरा हळू बोलता का? त्यांना तिचं ऐकू येत नाही."

मी आवाज कमी केला.