जोडवी वाढव

आई, आज सकाळी एका बाईच्या पायाचा अंगठा सरळ केला. भाताच्या दाण्याएवढी भोकं पाडून आत बारीक फिरतं पातं घातलं, पडद्यावर एक्स-रे बघत हाड कापलं, जागेवर ढकललं आणि स्क्रू पिळले. संध्याकाळी जाड तळाचा बूट घालून त्या स्वतः चालत चहा प्यायला गेल्या. सकाळी त्यांचा पाय औषधाने पुसताना मला तुझाच पाय हातात आल्यासारखा वाटला होता, आणि मग दिवसभर तू काही डोक्यातून गेली नाहीस.

तुझा उजवा पाय. अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला आणि त्याच्या मुळाशी लिंबाएवढं हाड बाहेर आलेलं. तिरुवैयारुच्या शाळेत दिवसभर फळ्यापाशी उभी राहून गणित शिकवायचीस, आणि बसमध्ये कोणी त्या पायावर पाय दिला की डोळ्यांत पाणी यायचं. चपलेचा अंगठा तर तूच विळीवर कापून टाकला होतास. पण तू कुरकुर केलीस ती एकाच गोष्टीसाठी. पहाटे दारात पिठाच्या रांगोळीचा कोलम घालायला उकिडवं बसता येईना, चवड्यावर भार आला की कळ मस्तकात जाई. कामवालीने घातलेल्या कोलमला तू 'लंगडा' म्हणायचीस आणि स्वतःच लंगडत आत जायचीस. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मी तेव्हा तंजावरातच हाडांच्या विभागात शिकत होते. बाहेरच्या वस्तूंना बाजार नुकता खुला झाला होता, आणि आमच्याकडे परदेशी विजेची करवत आली होती, बोटभर पात्याची, जागच्या जागी थरथरणारी. तोवर सगळा कारभार छिन्नी-हातोडीवर. आमचे सर त्या करवतीला जावयासारखं जपत. एका दुपारी स्वयंपाकघरात मी तुला शेवग्याची शेंग घेऊन सगळं दाखवलं. बाहेर आलेला उंचवटा असा तासायचा, मग हाडाला आडव्या व्हीसारखा छेद द्यायचा, पुढचा तुकडा आत सरकवायचा आणि तारेने अडकवायचा. व्हीमुळे तो घसरत नाही. तू कोन किती अंशांचा ते विचारलंस, मान डोलावलीस आणि म्हणालीस, "कळलं. आता ही शेंग सांबारात टाकू की नोको?"

अडलं ते जोडव्यांपाशी. ऑपरेशननंतर बोटं सुजतात, म्हणून जोडवी काढायलाच हवी होती, आणि उजव्या पायातलं तर चढलेल्या अंगठ्याखाली मांसात रुतून बसलेलं. तोडल्याशिवाय निघण्यासारखं नव्हतं. त्याच वर्षी आप्पांना हृदयाचा झटका येऊन गेला होता. ते बाहेरच्या खोलीत खाटेवर पडून असायचे आणि तू त्यांचा श्वास ऐकत झोपायचीस. नवरा असा असताना जोडवी तोडा, हे तुला कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी सांगितलं. दोन दिवसांनी आप्पांचा डोळा लागलेला बघून, पाठमोरी डोशाचा तवा पुसत बोललीस, "बरं, जोडवी वाढव. मग काय ते कर."

माझी मराठी घरात कानावर पडली तेवढीच, शाळा तमिळमधली आणि कॉलेज इंग्रजीतलं. वाढव म्हणजे मोठी कर, एवढंच मला ठाऊक. मला वाटलं, बाईसाहेबांना ऑपरेशन नको, मापाने मोठी जोडवी हवी आहेत. असा राग आला! मी सरांना सांगून टाकलं की आई तयार नाही, आणि त्यांनी तुझा दिवस दुसऱ्या पेशंटला दिला. मग तू दुपारी झोपलेली असताना दोऱ्याने बोटाचं माप घेतलं आणि आपल्या आसारी सोनाराकडून चांदीची नवी, चांगली ऐसपैस जोडवी घडवून तुझ्यापुढे आपटली.

"हे काय मा?"

"वाढवून आणली. तूच बोललीस की."

पाढा चुकलेल्या पोरीकडे बघावं तशी तू माझ्याकडे बघत राहिलीस. खाटेवरून आप्पा हसायला लागले. "अगे वेडे, वाढव म्हणजे तोड! दिवा विझला मेणून बोलतो का आपण? दिवा वाढवला बोलतो. बांगडी फुटत नाही, वाढते." हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आपण दोघी धावलो. त्यांनी हातानेच थांबवलं, आणि मग तुझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू हो बोललीस? आणि मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही निजला होता मेणून बोलले," तू म्हणालीस, आणि पदर तोंडाला लावून रडलीस.

"तोड पोरी," आप्पा मला म्हणाले. "माझा जीव तिच्या बोटात नाही, तुमच्या त्या कडू गोळीत आहे."

सरांकडून नवा दिवस मागून घेतला आणि तारा तोडायच्या पकडीने जोडवी मीच तोडली. तू दोन्ही मुठींत मंगळसूत्र धरून डोळे मिटले होतेस. सरांनी करवत चालवली आणि हाड तापून जळू नये म्हणून मी सिरिंजने त्यावर थंड सलाइन सोडत राहिले. तुला फक्त कंबरेखालीच बधिर केलं होतं, त्यामुळे पडद्यापलीकडून तू विचारलंस, "कोन बरोबर आला की नाही?" सरांना मी तमिळमध्ये अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी करवत बाजूला ठेवली आणि हसून घेतलं. थंडीतल्या मार्गळी महिन्यात तू दारभर कोलम घातलास, चवड्यांवर बसून, आणि पायात ती ऐसपैस जोडवी दोरा गुंडाळून घातली होतीस.

पुढे बऱ्याच वर्षांनी आप्पा गेले. दहाव्या दिवशी बायका तुझ्याभोवती बसल्या. जोडवी निघायला त्रास होईल म्हणून मावशीने तेलाची वाटी आणली होती. तिची गरजच पडली नाही. अंगठा सरळ होता, वाट मोकळी होती, मावशीने बोट लावताच एक निघालं आणि मग दुसरं. सगळ्या म्हणाल्या, बरं झालं बाई, पटकन झालं. मी तेलाची वाटी आत नेऊन ठेवली. ही लिपी मी पुण्यात आल्यावर शिकले आणि तुला ती वाचता येत नव्हती, म्हणून इथे लिहायचा धीर होतो आहे. आई, त्या दिवशी मला वाटलं, आपलं ऑपरेशन थोडं फसलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या बोटाने ती जरा तरी धरून ठेवली असती.