दोघींनी करायचं काम

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

चार वाजता चहाची घंटा व्हायची आणि होस्टेलच्या बाकीच्या मुली खेळायला पळायच्या. शशी आणि मी कोठीत. ती बरणीवरचं फडकं सोडून बरणी कलती धरायची, मी लाकडी पळीने ढवळायचे. किती वेळ? तीन ‘हेल मेरी’ प्रार्थना म्हणून होईपर्यंत. सिस्टर ॲग्नेसचा घड्याळापेक्षा आमच्या तोंडावर विश्वास जास्त. दोघींच्या घरी देव्हारा, आणि तिथे ख्रिसमसच्या मनुकांच्या वाइनवर हेल मेरी! शशी तिसरी मुद्दाम सावकाश म्हणायची.

नाशिक, १९७२. मी चौदाची, ती पंधराची.

आज फोनवर म्हणाली, “मिने, यंदा ख्रिसमसला मी येते तुझ्याकडे. ठरलं. शाळेतून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, आता कुणाची रजा मंजूर करून घ्यायचीय?”

बेचाळीस वर्षं मीच तिकडे भारतात जात आले. गेले की सासरच्या माणसांमधून चोरलेले दोन तास, की परत विमान. ती इथे ब्रिस्टलला कधीच आली नाही.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. मग ठरवलं. सिस्टरची वाइन करायची. पहिला घोट घेताना शशी डोळे मिटते. तेवढं बघायचंय.

घरात साधन काय? एक लाकडी पळी. बस्स.

२१ ऑगस्ट, बुधवार

घरी वाइन करायच्या सामानाच्या दुकानात गेले. पूर्ण सेट उचलला, किंमत वाचली, अलगद परत ठेवला. दुकानातली बाई समजूतदार. काय काय लागतं ते तिने चिठ्ठीवर लिहून दिलं — झाकणाची बादली, काचेचा बुधला, उपसायला नळी, बाटल्या. आणि एअरलॉक. एवढीशी पाणी भरलेली वळणाची नळी — आतली हवा बुडबुडे काढत बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. तेवढा एक आणि उपसायची नळी घेतली. बाकीचं जमवायचं! अवधूतची विमान-कारखान्यातली नोकरी दोनदा गेली, तेव्हा सगळा संसार जमवलाच ना मी. नवऱ्याला जाऊन पाच वर्षं झाली, पण सवय जात नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

रीडिंगला चैत्रालीकडे. लेकीने गाडीने वेम्बलीला नेलं. ईलिंग रोडवरच्या किराणावाल्याच्या दाराशी रिकामी बादली दिसली. झाकण असं घट्ट! “ले जाओ आंटी, ऐसे ही फेंकनेवाले थे.”

“आई, हा कचरा कशाला घेतेस?” — चैत्राली.

“पीठ ठेवायला.”

खोटं बोलले. सिस्टरने गुडघ्यावर बसवलं असतं.

८ सप्टेंबर, रविवार

घातली! मनुका, साखर, दालचिनी, मूठभर गहू, यीस्ट. बादली बॉयलरच्या कपाटात ठेवलीय. वरून अवधूतचा ड्रेसिंग गाऊन गुंडाळला. इथे सप्टेंबरमध्येच पाय गार पडतात, यीस्टचे काय हाल!

११ सप्टेंबर, बुधवार

हिंग!!

झाकण उघडलं आणि लिंबाच्या लोणच्याचा भपकारा. बादली लोणच्याची होती. सोड्याने तीनदा धुतली होती, उन्हात ठेवली असती तर वास गेला असता — पण ऊन कुठून आणू? प्लास्टिकमध्ये मुरलेलं हिंग मनुकांत उतरलं.

शशीला सांगितलं. पलीकडून नुसतं हसू. मग, “मिने, ही वाइन आहे का फोडणी?”

सगळी संडासात ओतली. रडू येत होतं, पण ती हसत राहिली म्हणून मीही हसले.

२० सप्टेंबर, शुक्रवार

खालच्या मजल्यावरची मॉरीन जिन्यात भेटली. “ऑल राइट, माय लव्हर?” ब्रिस्टलमध्ये बस ड्रायव्हरसुद्धा असंच विचारतो, पहिल्या वर्षी मी घाबरून दार लावून घेतलं होतं. लोणच्याची हकीकत ऐकून तिचा दम्याचा पंप काढायची वेळ आली. मग आत गेली आणि एक पांढरी बादली घेऊन आली. नवरा बिअर करायचा तिचा. बाकी सगळं टाकून दिलं म्हणे, फक्त ही बादली आणि हायड्रोमीटर टाकवला नाही. काचेची तरंगती काडी, साखर किती उरली ते सांगते. चुरगळलेल्या मोज्यात गुंडाळलेली होती. मोजा त्याचाच.

“वापर. फुटली तर सांगू नकोस मला.”

आणि चॅरिटी शॉपच्या खिडकीत बुधला सापडला! वाळलेलं गवत खोचून फुलदाणी म्हणून मांडला होता. गवत त्यांना परत दिलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

गल्लीत रिसायकलिंगचे खोके सकाळी बाहेर येतात. गाडी यायच्या आधी मी. बाटल्या निवडून घ्यायच्या, रुंद खांद्यांच्या, जाड काचेच्या. सात मिळाल्या. पिशवी खणखणत परत येत होते तर समोर कोण — मराठी मंडळाची सुमन!

“मीनाक्षीताई… सगळं ठीक आहे ना?”

“छान चाललंय गं.” खण्ण!

दुपारी चैत्रालीचा फोन. “आई, सुमनमावशीचा फोन आला होता. तू ड्रिंक करतेस का? मला खरं सांग. मी रागावणार नाही.”

“करत नाही. करतेय. म्हणजे बनवतेय.”

“तू घरात दारू बनवतेस?!”

मग सगळं सांगावं लागलं. शशीचं नाव ऐकून विचारते, “ती फोटोमधली मावशी? तुझ्याबरोबर दोन वेण्या?”

तीच. फ्रीजवर लावलेला एकुलता एक फोटो आहे तो. पोरीच्या लक्षात आलंय तर.

७ ऑक्टोबर, सोमवार

काल पुन्हा घातली, मॉरीनच्या बादलीत. आज पहिला दिवस. एकवीस दिवस, रोज चार वाजता ढवळायचं.

चारला फोन वाजला. “झाकण उघडलंस?” तिकडे साडेआठ, जेवण उरकून बसली होती. फोन कपाटाच्या फळीवर ठेवला, स्पीकर लावला. दोघींनी मिळून तीन हेल मेरी. एक शब्द विसरला नव्हता, ना तिचा ना माझा.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज तिसरी तिने सावकाश म्हटली.

बावन्न वर्षांनी! मी पळी फिरवत राहिले.   मग ती म्हणाली, “हात दुखला असेल, ठेव आता.”

हे इथे लिहिते, कारण ही वही कुणाला दाखवायची नाहीये. अवधूत चांगला माणूस होता. माझ्यावर कधी ओरडला नाही. आजारी पडले की मऊ भात करायचा, तूप जास्त घालून. मी सुखी होते त्याच्याबरोबर. आणि त्या सगळ्या वर्षांत माझ्या मनाची एक बाजू शशीची वाट बघत होती. दोन्ही खरं आहे. लग्न ठरलं तेव्हा शशी स्टेशनवर आली होती. म्हणाली, “पत्र इंग्लिशमध्ये लिही, म्हणजे घरचे वाचणार नाहीत.” चाळीस वर्षं आम्ही एकमेकींना इंग्लिशमध्ये हवापाणी कळवत राहिलो.

२० ऑक्टोबर, रविवार

बुडबुडे मंदावले. वास अगदी कोठीतला. ओल्या लाकडाचा, मनुकांचा.

२७ ऑक्टोबर, रविवार

एकविसावा दिवस. आज इकडची घड्याळं तासभर मागे गेली, म्हणजे शशीला साडेनऊ. तिला साडेआठलाच झोप येते. तरी जागी होती, केस विंचरून, व्हिडिओवर.

अवधूतच्या मलमलच्या धोतरातून गाळलं, गाळ बसू दिला, मग नळीने बुधल्यात उतरवायचं. हे एकटीने होत नाही! एकीने नळीचं वरचं टोक गाळाच्या वर धरायचं, दुसरीने खालचं बुधल्यात. माझे दोनच हात. फोन बिस्किटाच्या डब्याला टेकवला होता.

“वर उचल! गाळ ओढतेय! मिने, वर!”

वर उचललं तर खालचं टोक बुधल्यातून उडालं. ओटा, फरशी, माझे मोजे — सगळीकडे वाइन. शशी स्क्रीनवर हात पुढे करत होती. खरंच करत होती, जणू धरणारच.

मग मी वरच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावला आणि बादलीच्या काठाला अडकवलं. जमलं. बुधला जेमतेम भरला.

“बघ,” ती म्हणाली, “माझ्या जागी चिमटा.”

“डिसेंबरपर्यंतच.”

१२ नोव्हेंबर, मंगळवार

शशीचा व्हिसा नाकारला.

पत्र तिने फोनवर वाचून दाखवलं. तेच स्वच्छ कॉन्व्हेंटचं इंग्लिश, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबून. अविवाहित. स्वतःचं घर नाही, भाड्याच्या दोन खोल्या. अवलंबून कुणी नाही. भेट संपल्यावर परत जाण्याचं पुरेसं कारण दिसत नाही.

“पुन्हा अर्ज कर. मी चैत्रालीला सांगते.”

“नको गं. त्यांनी खोटं कुठे लिहिलंय? इथे माझं कोण आहे?” मग एकदम हसून, “माझी वाइन तू पी. पण डोळे मिटून.”

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज चारला फोन नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

हायड्रोमीटर सोडून पाहिला. झाली आहे. चमचाभर चाखली. तीच! अगदी तीच, जिभेच्या टोकाला गोड आणि घशात ऊब. दुसरा चमचा घेतला नाही. कुणाकडे बघत घेणार?

शशीने त्या पत्राचा फोटो पाठवला होता, तो पुन्हा काढला. वाचता वाचता वाटलं, हे प्रश्न मला विचारले तर? स्वतःचं घर — नाही, हाउसिंग संस्थेचा भाड्याचा फ्लॅट. अवलंबून — कुणी नाही. चैत्रालीचं छान चाललंय, आर्या तेराची, आजीला मिठी मारते आणि फोनकडे वळते. तसंच असावं. इथे राहण्याचं पुरेसं कारण?

 चहा गार झाला. मग दोन फोन केले, एक हाउसिंगला, एक शशीला.

३० नोव्हेंबर, शनिवार

चैत्राली आर्याला घेऊन आली. बाटल्या भरायला मदत हवी म्हणून मीच बोलावलं. आर्या लेबलं रंगवत होती. चैत्रालीच्या हातात नळी दिली. “हलवू नकोस, नाहीतर गाळ येईल.” आणि मग तिला सांगितलं, जे सांगायचं होतं ते सगळं. नळी हातात असताना माणूस उठून जाऊ शकत नाही.

तिने नळी हलवली नाही. तीन बाटल्या भरल्या. नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी व्हायचा तसा.

“बाबांना माहीत होतं?”

“फ्रीजवरचा फोटो त्यांनीच लावला होता.”

चौथी भरली. पाचवी. मग म्हणाली, “आई, ह्याला बूच कसं लावायचं?”

सहा बाटल्या झाल्या.

१४ डिसेंबर, शनिवार

विमान मंगळवारी. तिकीट एकाच बाजूचं, जायचं.

मॉरीनला हायड्रोमीटर आणि बादली परत, न फुटता, धुऊन. शिवाय एक बाटली. सुमनला एक बाटली, म्हणजे तिची काळजी मिटेल. चैत्रालीला दोन, आणि बाबांचा ड्रेसिंग गाऊन. बुधला, एअरलॉक, नळी, चिमट्यासकट — आर्याला, अठराची झाली की. तोपर्यंत तिच्या आईच्या माळ्यावर. लोणच्याची बादली पुढच्या भाडेकरूला, पीठ सोडून काहीही ठेवायला. किल्ल्या मंगळवारी सकाळी हाउसिंगच्या ऑफिसात.

दोन बाटल्या माझ्या बॅगेत, स्वेटरांत गुंडाळून.

पळी कुणालाच नाही. शशी म्हणाली, “बरणी मी आणून ठेवलीय. पळी तेवढी तू आण.”